सैल केबल, लांब काठी आणि सुहासचा पंप

बंडोपंतांनी मोबाईल उंचावला की कट्ट्यावर विज्ञानाचं काही खरं नसतं. काल उंचावला. "न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशाच्या पुढे! प्रकाशापुढे काही जात नाही म्हणणारा आइन्स्टाईन आटोपला!"

"बातमी २०११ची आहे, बंडोपंत," वैशाली म्हणाली. "२०१२त तिला मूठमातीही मिळाली."

"दडपलं असणार."

"दडपतात कसले, सगळं छापून आलंय. स्वित्झर्लंडमधलं सर्न हे कणसंशोधन केंद्र ते इटलीतली ग्रान सास्सो ही भुयारी प्रयोगशाळा, अंतर ७३० किलोमीटर, प्रकाशाला सुमारे २.४ मिलिसेकंद. न्यूट्रिनो ६० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे ६० अब्जांश, आधी आलेले दिसले. मग सापडली जीपीएसची वेळ भुयारातल्या घड्याळाकडे नेणारी फायबर केबल. तिचा कनेक्टर पुरता आवळलेलाच नव्हता. फोटोडायोडवर, म्हणजे उजेडाची वीज करणाऱ्या तुकड्यावर, उजेड कमी पडला की विजेचा झटका ठरलेली पातळी गाठायला वेळ लावतो. घड्याळ मागे पडलं आणि न्यूट्रिनो लवकर आल्यासारखे वाटले."

"सुहासचंही तेच," दिन्या म्हणाला. "हा वेळेवरच असतो, बाकीचं जग लवकर येतं."

"तू आधी माझा सायकलचा पंप आण," सुहास म्हणाला. हा वाद जुना आहे, इथे सांगत बसत नाही.

बंडोपंत हटले नाहीत. "१९८७च्या सुपरनोव्हाचे, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचे, न्यूट्रिनो प्रकाशाच्या तीन तास आधी आले होते की नाही?"

"आले होते. गाभा कोसळताक्षणी न्यूट्रिनो सुटले. प्रकाशाला मात्र धक्कालाट ताऱ्याच्या पृष्ठभागावर येईपर्यंत थांबावं लागलं. आधी निघाले ते आधी पोचले. आणि तो तारा १,६८,००० प्रकाशवर्षांवर. सर्नचा आकडा खरा असता, तर तीन तास नाही, चार वर्षं आधी यायला हवे होते."

इथे बंडोपंतांनी चष्मा पुसला. म्हणजे नवीन मुद्दा येणार.

"बरं, चंद्रापर्यंत पोलादी काठी धरा. इकडून ढकलली की तिकडचं टोक तत्काळ हलणार!"

"काठी ढकलणं म्हणजे अणूने शेजारच्या अणूला रेटणं. पोलादात हा रेटा सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर जातो. ३,८४,४०० भागिले ५."

"७६,८८० सेकंद," सुहासने मोबाईलवर काढलं. "एकवीस तास."

"तेवढ्यात बंडोपंतांच्या आणखी चार बातम्या येतील," दिन्या.

"मग लेझर! मनगट फिरवलं की चंद्रावर ठिपका धावतो!"

"हे मात्र बरोबर," वैशाली म्हणाली, आणि बंडोपंत घाबरलेच. "सेकंदाला ४५ अंशांहून जास्त फिरवलंत तर ठिपका प्रकाशापुढे जातो. पण ठिपका ही वस्तू नाही. प्रत्येक क्षणी वेगळाच प्रकाश वेगळ्या जागी पडतो. चंद्राच्या एका कडेच्या माणसाला त्या ठिपक्यावरून दुसऱ्या कडेला निरोप धाडता येणार नाही. मर्यादा आहे ती निरोपावर. तो प्रकाशापुढे गेला, तर कुणा ना कुणा निरीक्षकाला निघण्याआधीच पोचलेला दिसेल."

"बंडोपंतांना जमतं ते. प्रश्न संपायच्या आत उत्तर," दिन्या म्हणाला.

सुहासने मात्र नीट विचारलं. "पण एखाद्या वस्तूला जोर लावतच राहिलं तर?"

"सर्नमध्ये लावलाय की. तिथल्या कण फिरवणाऱ्या मोठ्या कड्यात प्रोटॉन शिरतो ४५० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टला; हे कणांच्या ऊर्जेचं माप. तेव्हाच प्रकाशापेक्षा सेकंदाला फक्त ६५० मीटरने मागे असतो. ऊर्जा १४ पट वाढवून ६,५०० केली. तरी ३ मीटर मागेच. इतकी ऊर्जा ओतून वेग वाढला जेमतेम ६४७ मीटर."

"कारण वस्तुमान वाढतं!" बंडोपंत विजयी.

"जुन्या पुस्तकांत असं असायचं. आता म्हणतात, वस्तुमान तेच. ऊर्जा संवेगात, म्हणजे गतीच्या रेट्यात, जमा होते, वेगाच्या खात्यात फारसं काही पडत नाही. वळवायला चुंबक मात्र त्याच प्रमाणात जोरदार लागतात, त्यावरून संवेग वाढलेला कळतोच."

बंडोपंत म्हणाले की हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं, आम्हाला तपासून बघत होते. यावर कुणी काही बोललं नाही.

"ते राहू दे," सुहास दिन्याकडे वळला. "पंप नेऊन अठरा वर्षं झाली."

"निघालाय रे."

वैशालीने बोटांवर हिशेब केला. "व्याधाचा तारा ८.६ प्रकाशवर्षं. अठरा वर्षांत प्रकाश तिथे जाऊन परत आला, दिन्या. तुझ्या पंपाला गल्ली ओलांडवेना."

बंडोपंत सगळ्यात जोरात हसले.