सहा पडेपर्यंत

गप्पा मारायला जमलेल्या माणसांपुढे लुडोचा पट कधीही मांडू नये. गप्पा राहतात बाजूला आणि कॉलेजपासूनची मैत्री एका ठोकळ्यावर येऊन ठेपते.

आमच्या कंपूचं वय आता असं झालंय, की कोलेस्टेरॉल, मुलांचे क्लास आणि सोसायटीच्या पुनर्विकासाचं अडलेलं घोडं एवढं झालं की विषय संपतात. मग जेवणं आटोपल्यावर कुणीतरी मुलांच्या पसाऱ्यातून पट काढतं आणि म्हणतं, "पटकन एक डाव टाकू." या 'पटकन'चा हिशोब मी एकदा रिकामा बसलेलो असताना केला. (रिकामा का, ते पुढे येतंच आहे.) घराबाहेर पडलेल्या सोंगटीला मुक्कामी पोचायला 56 घरं चालावी लागतात. चौघींची मिळून 224. फाशाची सरासरी साडेतीन. म्हणजे कुणी कुणाला मारलं नाही, तरी प्रत्येकाने साठ-पासष्ट वेळा फासा टाकायचा. आणि न मारता जगू देण्याची पद्धत आमच्याकडे नाही. माझ्या सोंगट्या तेवढ्या सुखरूप असतात, कारण त्या बाहेरच येत नाहीत.

सहा पडल्याशिवाय सोंगटी काढायची नाही, हा नियम करणाऱ्याचं माझ्याशी काय वैर होतं कळत नाही. आपल्या पचिसीतल्या कवड्या काढून इंग्रजांनी त्यात फासा घातला आणि 1896 साली इंग्लंडमध्ये 'लुडो' म्हणून पेटंटही घेतलं. कवड्या निदान खुळखुळतात तरी. हाताला काही केल्याचं समाधान मिळतं. हा फासा टुणकन पडतो आणि एक दाखवतो.

आमच्यातला एकजण विम्यात आहे. माझ्या दु:खावर त्याच्याकडे टक्केवारी तयार असते. "हे बघ, दहा वेळा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता जवळपास 16 टक्के आहे. सहा माणसांत असा एक निघायचाच." पण आम्ही खेळतो चौघं, आणि तो एक दर वेळी मीच कसा, हे विचारलं की म्हणतो, "फाशाला आठवण नसते रे." नसेल. मला आहे.

तऱ्हा तरी किती! विमेवाला फासा मुठीत धरून त्यावर फुंकर मारतो. गणित बोलणाऱ्याने फुंकर मारावी याचं मला फार वाईट वाटतं. वकीलसाहेब तो डबीतूनच टाकतात आणि दुसऱ्यांनाही लावतात. विमेवाल्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, हातात फासा येताच टाकून मोकळ्या होतात. त्यांचं कसब पुढेच असतं. पाच पडले की त्यांची सोंगटी टकटकटक अशी निघते, की पाचाची सहा घरं कधी झाली ते सांगायला कॅमेराच हवा. कुणी हटकलंच तर "परत मोजून दाखवू का?" म्हणतात, आणि दुसऱ्या मोजणीत सोंगटी बरोब्बर वकिलाच्या डोक्यावर येते. अकबर म्हणे फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात माणसांच्या सोंगट्या करून पचिसी खेळायचा. ते बरं होतं. सोंगटीला स्वतःला मोजता येत असणार.

वकीलसाहेबांचा मुद्दा वेगळाच असतो. लुडो हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा प्रश्न 2021 साली खरोखरच मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. मोबाइलवर पैसे लावून खेळला तर तो जुगार होतो का, असा वाद होता. हे ते आम्हाला दर डावाला सांगतात. जिंकत असले तर कौशल्याच्या बाजूने, हरत असले तर नशिबाच्या. माझ्या मते आमच्या घरी हा खेळ तिसऱ्याच सदरात मोडतो. फासा पटावरून घरंगळून सोफ्याखाली गेला आणि तिथे सहा दिसला, तर तो धरायचा का? मागच्या शनिवारी यावर चांगला अर्धा तास गेला. मोबाइलच्या टॉर्चमध्ये चार सुशिक्षित माणसं पालथी पडून पुराव्याची पाहणी करत होती. फासा माझा होता. "पटाबाहेरचं दान ग्राह्य नाही," असा निकाल वकिलांनी दिला. तोच त्यांचा तीन सोफ्याखाली सापडला, तेव्हा "फासा टेकला की दान पूर्ण झालं" अशी दुरुस्ती आली, कारण तिनावर वहिनींची सोंगटी मरत होती. वहिनी रडीचा डाव म्हणाल्या. विमेवाल्याने नवरा म्हणून बोलावं की मित्र म्हणून, याचा अंदाज घेत शेंगदाणे खाल्ले.

तोवर त्यांची प्रत्येकी एखादी सोंगटी आत गेली होती आणि मी लाल चौकोनात चारही सोंगट्या नीट रांगेत लावून ठेवत होतो. एवढ्यात सहा पडला. पटावरच पडला. आधी कुणाचा विश्वास बसेना, मग टाळ्या पडल्या. वकिलांनी उठून हात मिळवला. मी एक सोंगटी बाहेर काढली. सहाचं जादा दान होतं, त्यात एक पडला. एका घराने पुढे सरकलो, म्हणजे राखीव घर सोडून थेट उघड्यावर. मागून वहिनींचं दान आलं, दोन.

टकटक.

या वेळी मात्र मोजणी अगदी बरोबर होती. "सॉरी हं भावजी," त्या म्हणाल्या, आणि सोंगटी उचलून माझ्या घरात ठेवता ठेवता, "आता मोकळेच आहात तर चहा टाकता का? माझा बिनसाखरेचा."