दादाची वही

येत्या श्रावणात आमचा दादा गेल्याला एक वर्ष होईल. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूतील दोषाने स्नायूंवर ताबा न राहिल्यामुळे, ४६ वर्षांच्या आयुष्यात त्याला एकही शब्द उच्चारता आला नाही. तरीही तो बोलत नव्हता, हे म्हणणे मला मान्य नाही, आणि ते का, हे एकदा नीट मांडावे म्हणून हा प्रपंच.

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या घरी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा सर्वांत आधी दादाला ऐकू येई. तो टाळ्याला जीभ लावून दोनदा चटकारा काढी आणि सुट्ट्या पैशांच्या डब्याकडे पाही. चटकारा एकच असला, तर त्याला साधा पाव नको, कांकणे, म्हणजे बांगडीच्या आकाराचे कडक पाव, हवी असत. हा फरक ध्यानात यायला आईला कित्येक महिने लागले, आणि तो कळला त्या दिवशी तिने दोनशेपानी वहीत चार रकाने आखले: काय करतो, कधी करतो, अर्थ काय, कशावरून कळले. चौथा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आपला अंदाज त्याच्या तोंडी घालायचा नाही, ही आईची शिस्त त्यात दिसते. एका पानावर ‘चवथीला घुमट वाजू लागले की डोळे मिटतो, घाबरतो’ ही नोंद (घुमट म्हणजे आमच्याकडचे मातीचे तालवाद्य) खोडलेली आहे. खाली वेगळ्या शाईत लिहिले आहे: ‘दूर नेले तर रडतो. जवळच हवे.’

एकदा तो रात्र रात्र ओरडू लागला. डॉक्टरांनी त्याच्यासमोरच ‘यांना काही कळते का?’ असे आम्हाला विचारले, असे रुग्ण ओरडायचेच म्हणाले आणि झोपेची गोळी लिहून दिली. वहीत मात्र कानदुखीच्या वेळची नोंद होती, की दुखत असले म्हणजे तो खांद्यावर गाल घासतो. आईने ते पान दुसऱ्या डॉक्टरांपुढे धरले, तेव्हा कुठे त्याचे तोंड उघडून पाहिले गेले. दाढेत पू झाला होता. अकरा रात्री तो सांगत होता आणि प्रत्येक वेळी त्याचे सांगणे त्याच्या अपंगत्वाच्या खाती जमा होत होते, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात संवादाच्या व्याख्येत ब्रेल, सांकेतिक भाषा आणि स्पर्श यांच्याबरोबर संवादाच्या पूरक व पर्यायी पद्धतीही आहेत. म्हणजे दादाचा चटकारा कायद्यानेही बोलणेच ठरतो. जानेवारी २०२३ मध्ये पणजीला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हा आम्ही त्याला घेऊन गेलो होतो. तिथे चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून पाणी मागणारी मुलगी पाहून आई बराच वेळ गप्प होती. दादाच्या लहानपणी असा तक्ता असतो, हेच आम्हाला कोणी सांगितले नव्हते. तक्ता हाती दिला की मूल बोलायचा कंटाळा करील, अशी भीती आजही घरोघर ऐकू येते. अभ्यासांतून मात्र तसे आढळलेले नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की वाट पाहू नका, तक्ता मिळेल तेव्हा मिळेल, वही आजच सुरू करा.

शेजारच्या वाड्यावर चार वर्षांचा एक मुलगा आहे, तो अजून बोलत नाही. गेल्या आठवड्यात त्याची आई आमच्याकडे आली आणि दादाची वही समोर ठेवून तिने आपल्या नव्या वहीत तेच चार रकाने आखले. पहिल्या ओळीत तिने लिहिले: ‘पंखा बंद केला की माझ्या ओढणीचे टोक धरतो.’ अर्थाचा रकाना तिने सध्या कोरा ठेवला आहे.