विरजण लागलंच नाही तेव्हा कळलं

दगडी (कास सुजण्याचा आजार) झालेल्या गायीचा अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नका, हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण आमच्याकडे (आर्वी तालुका, तीन गायी) घोडं दुसरीकडेच अडतं. कोर्सचे दिवस आणि वर औषधाच्या लेबलवर दिलेली दूध न वापरण्याची मुदत, एवढे दिवस दूध डेअरीला घालता येत नाही. तो फटका औषधाच्या बिलापेक्षा मोठा. मग दोन सुया मारल्या, सूज उतरली, की लोक थांबतात. मीही थांबलो होतो. महिनाभरात त्याच सडाला पुन्हा गाठ.

औषध चालू होतं तेव्हा 'विकायचं नाही ना, मग घरी लावू' म्हणून त्या दुधाला विरजण लावलं. सकाळी पाहतो तर गंजात (पातेल्यात) नुसतं पाणचट दूध, दही नाहीच. औषध दुधात उतरतं म्हणजे काय, ते त्या गंजानं दाखवलं.

आता पहिल्या धारा काळ्या फडक्यावर काढतो, गुठळी असली की लगेच दिसते. दूध काढून झालं की सडं आयोडीनच्या द्रावणात बुडवायची आणि पुढ्यात कुटार (सुका चारा) टाकायचं. गाय खात अर्धा तास उभी राहते, तोवर सडाचं तोंड मिटतं. (पावसाळ्यात आमचा गोठा म्हणजे चिखलच.) आजारी गायीचं दूध सगळ्यात शेवटी काढतो.

औषध ठरवण्याआधी दूध तपासा म्हणता, तेही बरोबर. पण नमुना बर्फात घालून नागपूरला न्यायचा म्हणजे पुरा दिवस जातो, आणि इकडे कास तापलेली असते. त्यावर काही उपाय असेल तर जरूर लिहा.