खाऱ्या हवेच्या नावावर गाडी विकण्याआधी

शिमग्यापासून आमच्याकडे एक मेसेज फिरतोय. सार असं: ‘कोकणात गाडी दहा वर्षं किंवा दीड लाख किलोमीटर, तेवढीच. खारी हवा पत्रा खाते, त्याला इलाज नाही. टिकवायचीच तर कमी चालवा, झाकून ठेवा, खालून जळकं ऑईल मारा. कूलंट थंड प्रदेशातल्यांसाठी, आपल्याला पाणी पुरे. आणि पंधरा वर्षांनी ती भंगारात जायचीच.’

माझी पेट्रोल गाडी २००७ ची. रत्नागिरीत भाट्याच्या खाडीपासून हाकेच्या अंतरावर उभी असते, मीटर ३,१८,००० च्या पुढे गेलाय आणि इंजिन अजून खोललेलं नाही. तेव्हा थोडं बोलतो.

खाऱ्या हवेचं म्हणणं अर्धं खरं आहे. मीठ ओल धरून ठेवतं आणि ओल्या पत्र्यावर गंज जोरात धावतो. पण ‘इलाज नाही’ हे काही पटत नाही. दारांच्या तळाला आणि दारांखालच्या पोकळ पट्टीला पाणी निघून जायला बारीक भोकं दिलेली असतात. आपली जांभ्याची लाल माती ती बुजवते. गेल्या ऑक्टोबरात मिस्त्रीने गाडी वर घेतली, सायकलचा स्पोक त्या भोकात घातला आणि म्हणाला, “काका, वाटी धरा खाली.” आधी चिखलाची गुठळी पडली, मग चहाच्या रंगाचं वाटीभर पाणी. पाऊस जाऊन तीन आठवडे झाले होते! ते पाणी आत तसंच बसलं असतं, तर चार वर्षांत पट्टी हाताने मोडली असती आणि खापर फुटलं असतं समुद्रावर. दर पंधरा दिवसांनी खालून गोड्या पाण्याचा पाईप मारायचा, पावसाळ्यानंतर भोकं मोकळी करायची. खर्च काहीच नाही, फक्त लोळावं लागतं.

इंजिनमधून काढलेल्या जळक्या ऑईलने पत्रा काही दिवस वाचतो, नाही असं नाही. पण ते चाकांच्या सांध्यांमधल्या रबरी बुशांना आणि सांध्यांवरच्या रबरी टोप्यांना लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं. वर धूळ चिकटून लगदा होतो तो वेगळाच. ताडपत्रीचंही तसंच, ओल आत कोंडून राहते. छप्पर हवं, बाजू उघड्या हव्यात. (माडाखाली लावू नका. ते कारण वेगळं आहे.)

सगळ्यात जास्त नुकसान ‘कमी चालवा’ या सल्ल्याने होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. गाडी नीट तापली तर ते वाफ होऊन बाहेर जातं. घर ते बाजारपेठ, दोन किलोमीटर, आणि बंद, असं केलं की ते सायलेन्सरमध्येच साचतं आणि थोडं इंजिन ऑईलमध्येही उतरतं. आमच्या वाडीत चाकरमान्यांची एक गाडी फक्त गणपतीला नि शिमग्याला निघते. अकरा वर्षांत ४०,००० किलोमीटर, आणि दोन सायलेन्सर आतून कुजले. वायर उंदरांनी खाल्ल्या. ऑईल बदललं नाही, कारण ‘चाललीच कुठे आहे?’ ऑईल वर्षातून एकदा बदलायचंच, मीटर काहीही सांगो.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर आयर्व्ह गॉर्डन राहायचे. चारी बाजूंनी समुद्र, हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ. त्यांची १९६६ ची व्हॉल्व्हो २०१३ मध्ये ३० लाख मैलांवर पोचली, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर. मध्ये इंजिन खोलावं लागलं, पण गाडी तीच. आणि ती चालवलेली गाडी होती, झाकलेली नव्हे.

कूलंट रेडिएटरचं पाणी गोठू नये म्हणून असतं, हे बरोबर. पण त्यात गंज रोखणारी रसायनंही असतात आणि त्याने पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. नुसत्या विहिरीच्या पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार बसतात. मग मे महिन्यात चार माणसं नि आंब्याच्या पेट्या घेऊन आंबा घाट चढताना तापमानाचा काटा लालवर जातो आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं सील, जातं.

मेसेजमध्ये ब्रेक ऑईलचं नावही नाही. ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल आपल्याकडे भरपूर. डॉट ३ या प्रतीचं नवं ब्रेक ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवला की आत वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दोन वर्षांनी बदला, उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये या.

पंधरा वर्षांचं म्हणाल, तर ते दिल्लीच्या नियमावरून आलंय: तिथे डिझेलला दहा, पेट्रोलला पंधरा असं ठरलं होतं. आपल्याकडे खासगी गाडीची तपासणी होते, पर्यावरण कर भरायचा, पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं. माझं २०२२ ला झालं.

गाडी विकायची वेळ येत नाही असं नाही. जॅक लावल्यावर गाडी वर यायच्या ऐवजी पत्रा आत गेला, तर मी वाद घालणार नाही. परवाच लावून बघितला. चाक उचललं.