पेलेने युद्ध थांबवलं? जरा थांबा

फुटबॉल वर्ल्ड कप जवळ आला की आमच्या कोल्हापुरात पेठापेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे चढतात आणि मोबाइलवर पेलेचे फॉरवर्ड उतरतात. परवा आमच्या ग्रुपवर पडलेला मजकूर थोडक्यात असा: 'या माणसाचा खेळ बघायला १९६९ साली नायजेरियातलं युद्ध ४८ तास थांबलं. शत्रूच्या लोकांनाही मॅच बघता यावी म्हणून नदीवरचा पूल खुला केला. बायसिकल किक यानेच शोधली. जर्मनांच्या कैदेतल्या खेळाडूंची सत्यकथा याने पडद्यावर साकारली. कोलकात्यात येऊन दोन गोल ठोकले. एकूण गोल १२८३! आणि नाव ठेवलं होतं बल्बवाल्या एडिसनवरून!' सोबत हवेत आडवा झालेल्या पेलेचा फोटो.

फोटो पेलेचाच आहे, पण तो सिनेमातला. आणि पूर्ण मजकुराची गडबड तीच आहे: पडद्यावरचा पेले आणि मैदानातला पेले एकाच पिशवीत कोंबलेत.

युद्धाचं आधी बघू, कारण 'भावा, अंगावर काटा आला' असं सगळ्यांनी त्याखालीच लिहिलं होतं.

पेलेचा ब्राझीलमधला सांतोस क्लब जानेवारी १९६९ मध्ये आफ्रिकेच्या दौऱ्यावर होता, हे खरं. २६ जानेवारीला लागोसमध्ये नायजेरियाच्या संघाशी २-२ अशी बरोबरी झाली आणि सांतोसचे दोन्ही गोल पेलेचे, हेही खरं. ४ फेब्रुवारीला नायजेरियातल्याच बेनिन शहरात आणखी एक मॅच झाली, ती सांतोसने २-१ जिंकली. आता प्रश्न असा की यातल्या कुठल्या मॅचसाठी युद्ध थांबलं? एक फॉरवर्ड लागोस म्हणतो, दुसरा बेनिन. कुणी ४८ तास सांगतं, कुणी ७२. तेव्हाचे नायजेरियन पेपर एका संशोधकाने चाळले. मॅचच्या बातम्या सापडल्या, युद्धविरामाची एकही नाही. दोन दिवस तोफा बंद राहिल्या असत्या तर ती बातमी आतल्या पानावरही येऊ नये?

मुळात नकाशा काढून बघा. यादवी जुलै १९६७ मध्ये पेटली. पूर्वेकडचा बियाफ्रा वेगळा होऊ पाहत होता. ऑगस्टमध्ये त्यांचं सैन्य नायजर नदी ओलांडून बेनिनपर्यंत आलं, पण काही आठवड्यांतच त्याला मागे रेटलं गेलं. १९६९ उजाडेपर्यंत बियाफ्रा नदीच्या पलीकडे चहूबाजूंनी कोंडला गेला होता. मुंबईहून कोल्हापूर जेवढं लांब, त्याहून लागोसपासून लढाई लांब होती. जिथे गोळीबारच चालू नव्हता तिथे तो थांबवणार कसा?

पुलाचं तर विचारूच नका. नायजरवरून बियाफ्राकडे नेणारा मोठा पूल असाबा आणि ओनिचा या दोन गावांमधला. तो माघार घेणाऱ्या बियाफ्राच्या सैनिकांनीच ऑक्टोबर १९६७ मध्ये उडवला होता. शिवाय पलीकडचं ओनिचा १९६८ मध्ये सरकारी फौजेने घेतलं होतं. म्हणजे पूलही नाही आणि पलीकडे 'शत्रूचे लोक'ही नाहीत.

पेलेचं स्वतःचं म्हणणं काय होतं? १९७७ च्या आत्मचरित्रात या प्रसंगाचा उल्लेखच नाही. पुढच्या आत्मचरित्रात तो येतो, पण हे कितपत खरं याची आपल्यालाच खात्री नाही, अशी कबुली देत. आम्ही असताना बियाफ्राचं सैन्य लागोसवर येणार नाही याची नायजेरियाने काळजी घेतली होती, एवढंच तो ठामपणे म्हणतो. त्याच्या नावाच्या ट्विटर खात्यावर मात्र २०२० मध्ये तीच गोष्ट अभिमानाने आली. सांतोसचे काही जुने सहकारीही ती रंगवून सांगायचे. माणसं म्हातारी होतात तशा मॅचेस मोठ्या होतात, हे आमच्या तालमीच्या कट्ट्यावर बसलं तरी कळतं. मला खटकतं ते वेगळंच. त्या युद्धात नाकेबंदीमुळे बियाफ्रातली पोरं उपाशी मरत होती. त्यावर '४८ तास शांतता'चा हार घालून आपण अंगावर काटा आणून घेतो.

आता सिनेमा. 'एस्केप टू व्हिक्टरी', १९८१, दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन. मायकेल केन, सिल्वेस्टर स्टॅलोन, आणि खेळाडूंमध्ये बॉबी मूर, आर्डिलेस, पेले. कथेतली मॅच युद्धकैदी विरुद्ध जर्मन, पॅरिसमधली; चित्रीकरण बुडापेस्टमध्ये. पेले यात ब्राझीलचा नाहीच. तो त्रिनिदादचा कॉर्पोरल लुईस फर्नांडेझ आहे. जर्मन खेळाडू त्याच्या बरगड्या मोडतात, तो बाहेर बसतो, शेवटी एक हात छातीशी धरून मैदानात परततो आणि हवेत आडवं होऊन गोल मारतो. ह्यूस्टन तो गोल संथ गतीने पुन्हा पुन्हा दाखवतो आणि स्टँडमध्ये मॅक्स फॉन सिडोचा जर्मन अधिकारी उभा राहून टाळ्या वाजवतो. चित्रीकरणाच्या वेळी पेलेला निवृत्त होऊन जवळपास तीन वर्षं झाली होती. फॉरवर्डमधला फोटो तो हाच.

ही 'सत्यकथा' नाही. मुळात एक हंगेरियन चित्रपट आणि त्याच्याही मागे कीव्हची दंतकथा. ९ ऑगस्ट १९४२ ला जर्मनव्याप्त कीव्हमध्ये 'स्टार्ट' या संघाने जर्मनांना ५-३ हरवलं. संघातले बरेचजण बेकरीत राबणारे माजी खेळाडू. सोव्हिएत काळात सांगितलं गेलं की जिंकल्याबरोबर सगळ्यांना खेळाच्या कपड्यांतच गोळ्या घातल्या. तसं झालं नाही. अटका काही दिवसांनी झाल्या. त्यांच्यातला कोरोत्कीख गेस्टापोच्या, म्हणजे जर्मनांच्या गुप्त पोलिसांच्या, छळात मेला. गोलकीपर त्रुसेविच, क्लिमेंको आणि कुझमेंको यांना फेब्रुवारी १९४३ मध्ये सिरेत्सच्या छावणीत गोळ्या घातल्या. होंचारेंकोसारखे काही जण वाचलेही. सिनेमात सामना ४-४ सुटतो आणि सगळे गर्दीत मिसळून पसार होतात. कीव्हमध्ये मैदानातून असं कुणी पसार झालं नाही.

बायसिकल किकचा, म्हणजे हवेत आडवं होऊन डोक्यावरून मागे मारायच्या किकचा, शोध? १९३८ च्या वर्ल्ड कपमध्ये सर्वाधिक गोल करणारा ब्राझीलचा लिओनिदास या किकसाठी आधीच गाजला होता, आणि पेलेचा जन्म १९४० चा. दक्षिण अमेरिकेत तिला 'चिलेना' म्हणतात, म्हणजे चिलीवाल्यांचा दावा त्याहून जुना. विषय संपला.

कोलकात्याचं मात्र वाईट वाटतं, कारण खरी मॅच फॉरवर्डपेक्षा आपल्याला जास्त शोभते. २४ सप्टेंबर १९७७, ईडन गार्डन्स, पावसाने चिखल झालेला. पेलेचा तेव्हाचा संघ न्यूयॉर्क कॉसमॉस विरुद्ध कोलकात्याचा मोहन बागान, २-२. कॉसमॉसचे गोल कार्लोस अल्बर्टो आणि किनालियाचे, बागानचे श्याम थापा आणि हबीबचे. गौतम सरकार पेलेला चिकटून होता. पेलेचा गोल शून्य. आठवड्याभरात, १ ऑक्टोबरला, त्याचा निरोपाचा सामना होता. त्या चिखलात तो पाय जपूनच खेळला असणार. मीही तेच केलं असतं.

१२८३ चा आकडा हवेतला नाही, फक्त त्यात मैत्रीपूर्ण सामने आणि लष्करात असताना लष्कराच्या संघाकडून मारलेले गोलही धरलेत. अधिकृत सामन्यांतले साडेसातशेच्या आसपास भरतात. लागोसचे ते दोन गोलही त्या १२८३ मधलेच.

राहिला एडिसन. ग्रुपवर सगळ्यात जास्त हसू यालाच आलं, 'हे तर शुद्ध फेकलंय' म्हणून. पण एडिसनची गोष्ट खरी आहे. त्रेस कोरासोएस या त्याच्या गावात तेव्हा नुकतीच वीज आली होती, म्हणून बापाने पोराचं नाव एडिसनवरून एडसन ठेवलं. जन्मदाखल्यावर चुकून पुन्हा 'एडिसन'च पडलं आणि तारीखही २३ ऐवजी २१ ऑक्टोबर लागली. कागदपत्रांत सारखी डोकावणारी ती 'इ' पेलेला शेवटपर्यंत खटकत राहिली.