खाणकामगार थोरेझ फ्रान्सचे पंतप्रधान झाले नव्हते

'कोळशाच्या खाणीतला पोऱ्या फ्रान्सचा पंतप्रधान झाला' अशी फ्रेंच कम्युनिस्ट नेते मॉरिस थोरेझ यांच्या फोटोखालची ओळ सध्या फिरते आहे. पोऱ्या होता हे खरं. नॉयेल-गोदो गावी 1900 साली जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षी खाणीवर लागला. काम कोळशातले दगड हाताने वेचून काढण्याचं. पंतप्रधानपद मात्र हुकलं. डिसेंबर 1946 मध्ये कम्युनिस्ट पक्षाने त्यांचं नाव पुढे केलं, तेव्हा संसदेत 310 मतं हवी होती, पडली 259. पुढे पंतप्रधान रामादिए यांच्या मंत्रिमंडळात ते उपपंतप्रधान होते, तेही मे 1947 पर्यंतच. बहुधा भाषांतरात 'उप' गळला असावा.