‘पैशासाठी दोनदा सुई टोचली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या लॅबमध्ये सीडी १९ च्या रक्ततपासणीसाठी तुम्हाला दोन तास ताटकळावं लागलं आणि काउंटरवर नीट उत्तर मिळालं नाही, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. पण ‘आयती ट्यूब नेली होती, ती नाकारून पैशासाठी पुन्हा सुई टोचली’ असं जे लिहिलंत, ते जिव्हारी लागलं. पावती काढून बघा. एकाच टेस्टची आहे, दुसऱ्या सुईचा एक रुपयाही लावलेला नाही.

ती ट्यूब आदल्या संध्याकाळी ओझरला भरलेली, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेली आणि आमच्याकडे आली तेव्हा आइस पॅकला चिकटलेली होती. इतर बऱ्याच टेस्टना थंड नमुना चालतो, सीडी १९ ला नाही. सीडी १९ ही बी-पेशींवरची (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) खूण, तिच्यावरून त्या पेशी मोजतात. इथे पेशी धडधाकट लागतात. जांभळ्या झाकणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारी) ट्यूब, आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी केलेली, खोलीच्या तापमानाला ठेवलेली आणि शक्यतो २४ तासांच्या आत आमच्या हातात. थंडीने पेशी खराब होतात, आणि पेशी ओळखायला आम्ही ज्या अँटिबॉडी घालतो, त्यांतल्या नको त्या अँटिबॉडीलाही मेलेली पेशी चिकटते. मशिन तिला बी-पेशी म्हणून मोजून मोकळं होतं.

एरवी अशा थोड्या पेशींनी फारसं बिघडत नाही. पण रिटुक्सिमॅबनंतर (एमएस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारात दिलेलं, बी-पेशी दाबणारं औषध) बघायचं असतं ते १ टक्क्याच्या आसपासचं. १०,००० लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, बी-पेशी त्यातल्याच) मोजले तर ०.७ टक्के म्हणजे जेमतेम ७० पेशी. त्यात ५० खोट्या घुसल्या की रिपोर्टवर १.२ येतं, आणि ‘बी-पेशी परत आल्या’ असं समजून पुढच्या डोसचा निर्णयच फिरतो. त्याच ट्यूबवर आकडा छापून देणं आम्हाला सोपं होतं, वादही झाला नसता.

‘औषध सीडी २० वरचं आणि टेस्ट सीडी १९ ची’ हा टोमणाही वाचला. औषध बी-पेशीवरच्या सीडी २० या दुसऱ्या खुणेला जाऊन बसतं, त्यामुळे ते झाकलं जाऊ शकतं. म्हणून त्याच पेशीवरचं सीडी १९ मोजतात. सगळीकडे असंच करतात.

मुंबईच्या लॅबपेक्षा आमचा आकडा वेगळा आला, हे खरं. (तुमचे आकडे इथे चारचौघांत लिहीत नाही.) पण टक्के कशाचे, लिम्फोसाइटचे की सगळ्या पांढऱ्या पेशींचे? आम्ही सीडी ४५ या पांढऱ्या पेशींवरच्या खुणेवरून लिम्फोसाइट वेगळे काढतो आणि मोजणीचे बीड्स (संख्या ठाऊक असलेले बारीक मणी) रक्तातच घालतो, त्यावरून एका मायक्रोलिटरमधल्या पेशींचा आकडा निघतो. ५० मायक्रोलिटर रक्तात पिपेटने ५ मायक्रोलिटर कमी उचललं तरी तो आकडा १० टक्क्यांनी घसरतो, म्हणून पिपेट तपासल्याशिवाय काम सुरू होत नाही. काही ठिकाणी टक्के एका मशिनवर काढून सीबीसीच्या (रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीच्या) आकड्याने गुणतात. तीही पद्धत चुकीची नाही, पण दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून ‘खरा कोणता’ विचारू नये. त्यातून मधे स्टेरॉइडची सलाइन झाली असेल तर लिम्फोसाइट आणखी हलतात. फॉर्मवर तो रकाना तुम्ही कोरा सोडला होतात.

आणि ‘औषध लागू पडेल का, हे सांगता येत नाही’ म्हणून एक तारा कापलात. ही टेस्ट बी-पेशी दबल्या का आणि कधी परतू लागल्या, एवढंच सांगते. एमएस शांत आहे की नाही, ते न्यूरॉलॉजिस्ट तपासून आणि एमआरआय बघून ठरवतात. आम्ही होकार दिला असता तर ती फसवणूक झाली असती.

नमुना कसा आणायचा त्याचा मराठी कागद काउंटरवर लावतोय. पुढच्या वेळी डोसच्या आधी, शक्यतो सोमवार ते गुरुवार सकाळी या आणि दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, आमच्याकडे नाही तरी चालेल. तारा एकच ठेवायचा तर ठेवा, पण ‘पैशासाठी’ हा शब्द तेवढा काढा, ही विनंती.